छोट्या आयएसपीतले इंजिनिअर वैतागतात, पण सोडून का जात नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आला होता: ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा) डिप्लोमा झालाय. कराडजवळच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत (आयएसपीत) नेटवर्क इंजिनिअर म्हणून नोकरी मिळतेय, आणि पुण्यात एका मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या मॉनिटरिंग सेंटरमध्ये शिफ्टची नोकरीही मिळतेय. पगार पुण्यात जास्त. छोट्या कंपनीत जी माणसं भेटली ती सगळी कावलेली वाटली, पण वर्षानुवर्षं तिथेच टिकून आहेत. हे कसं काय, आणि मी कुठे जावं?

मी सातारा-सांगली पट्ट्यात हेच काम करत आलोय, केबल टीव्हीवाले इंटरनेट द्यायला लागले तेव्हापासून. तुला कावलेली माणसं दिसली ते बरोबरच आहे. खांब वीज कंपनीचा, रस्ता बांधकाम खात्याचा, बँडविड्थ वरच्या कंपनीची, घरातला राउटर गिऱ्हाइकाच्या मेहुण्याने ऑनलाइन मागवलेला. यातलं काहीही बिघडलं की फोन मात्र आपल्याला. जे आपलं नाही त्याचा जाब रोज द्यायचा, हे आमच्या वैतागाचं मूळ. आणि माणसं टिकतात तीही त्याच कारणाने. या सगळ्या परक्या वस्तू जिथे एकमेकींना जोडल्या जातात ते सांधे फक्त आपल्याला ठाऊक असतात. मॉनिटरिंग सेंटरमध्ये तुझ्यासमोर एक लाल ओळ येईल, तू तिकीट काढशील आणि पुढे पाठवशील. इथे ती लाल ओळ म्हणजे कुठल्या ओढ्याच्या पुलाखालचा कुठला क्लोजर (तारांचे सांधे ठेवायची बंद पेटी), हे वर्षभरात तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

आधी तारेचं, म्हणजे फायबर केबलचं बोलू, कारण निम्मा जीव तिथेच जातो. आमच्याकडे केबल तुटायचे हंगाम ठरलेले आहेत. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की मापाबाहेर मोळ्या रचलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. रस्ता ओलांडणारी केबल त्यांना अडकते, ट्रॅक्टरवाल्याला मोठ्या गाण्यांत कळतही नाही, आणि तो शंभर-दोनशे मीटर केबल फरफटत निघून जातो. तोडणी झाली की पाचट पेटवतात. बांधाच्या कडेने गेलेली केबल त्यात पुरती जळाली तर बरं, कारण अर्धवट भाजलेली केबल जास्त छळते: कवच वितळतं, आतल्या बारा कोअरपैकी (काचेच्या धाग्यांपैकी) दोन-तीन दबतात, बाकीच्या चालू राहतात. मग ‘आमचं बंद आहे, शेजारच्यांचं चालू आहे’ असे फोन येतात आणि तुटलेली जागा बाहेरून कुठेच दिसत नाही. उन्हाळ्यात रस्त्याची कामं आणि जेसीबी. पावसात झाडं. भाद्रपदात गणपती: मूर्ती उंच, केबल आडवी, आणि मंडळाची पोरं ‘जरा वर घेतो’ म्हणत बांबूने उचलतात. तीच पोरं आदल्या आठवड्यात मांडवासाठी फुकट कनेक्शन मागायला आलेली असतात. ते देऊन टाकायचं. नाही दिलं तर बांबू आणखी वर जातो.

खोदकामाआधी कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणारा जागा कळवतो आणि तिथे ज्यांच्या केबल आहेत त्यांना सूचना जाते. कल्पना चांगली आहे. पण तालुक्याला जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये तुझा नंबर असणं अधिक कामाचं. मी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात राउटरचा पासवर्ड देत नाही. जेसीबीवाले, वायरमन, आणि गावोगावचे पाणी सोडणारे यांच्या नंबरांची यादी देतो.

फॉल्ट शोधायला ओटीडीआर असतं. ते तारेत प्रकाशाचा ठोका सोडतं, परत आलेल्या उजेडावरून तार कुठे तुटली ते मीटरमध्ये सांगतं. कॉलेजात इतकंच शिकवतात. यंत्र ३,४०० मीटर म्हणालं म्हणून गाडीच्या मीटरवर तेवढं मोजून थांबलास तर भलत्याच शेतात उभा राहशील. तारेची लांबी रस्त्याइतकी नसते: काही खांबांवर दहा-पंधरा मीटरचा लूप गुंडाळून ठेवलेला असतो, दोन खांबांमध्ये झोळ असतो, आणि केबलच्या आतली काचही किंचित पीळ घेऊन गेलेली असते. कुठल्या खांबावर किती लूप सोडलाय, याची वही ज्याच्याकडे आहे तो वीस मिनिटांत जागेवर पोचतो; ज्याच्याकडे नाही तो रात्रभर बॅटरी घेऊन हिंडतो. बऱ्याच छोट्या कंपन्यांत ही वही नसते, एका माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस लग्नाला गेला की कंपनी आंधळी. तू गेलास तर पहिलं काम ही वही लिहायचं कर, कोणी सांगितलं नसलं तरी.

उजेडाचा हिशेबही अंगात भिनला पाहिजे. ओएलटी म्हणजे आपल्या ऑफिसातलं यंत्र, जिथून घरांकडे उजेड निघतो. त्याच्या पोर्टातून समज +४ डीबीएम निघाला (डीबीएम हे उजेडाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका उजेड मंद). वाटेत १:८ चे, म्हणजे एका तारेतला उजेड आठ तारांत वाटणारे, दोन स्प्लिटर एकामागे एक, म्हणजे ६४ घरं. त्यात साधारण २१ डीबी जातात. पाच किलोमीटर तार, सांधे आणि कनेक्टर मिळून आणखी तीनेक. घरी उणे २० पोचला पाहिजे. उणे २७-२८ च्या आसपास ओएनयू (घरातला फायबरचा डबा) आंधळा होतो आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत ‘लाल लाइट’ लागतो. पण शहाणा इंजिनिअर लाल लाइटची वाट बघत नाही. काल उणे २० होतं आणि आज उणे २४ आहे, तर कोणीतरी तार खिळ्यावर वाकवलीय, दारात दाबलीय किंवा क्लोजरमध्ये पाणी गेलंय. रोज पहाटे सगळ्या ओएनयूंची पॉवर काढून कालच्याशी ताडून बघणारी छोटी स्क्रिप्ट लिही. गिऱ्हाइकाला कळायच्या आत त्याच्या दारात माणूस गेला, तर तो चार गावांत सांगतो.

आणि एक भूत असतं, त्याची ओळख करून देतो. संपूर्ण पोर्टवरची साठेक घरं एकदम उघडझाप करायला लागतात. पॉवर बघावी तर सगळ्यांची उत्तम. तार शाबूत. ओएलटी बदललं, त्याच्या पोर्टातला उजेड सोडणारा एसएफपी बदलला, काही फरक नाही. अशा वेळी एखादा बिघडलेला ओएनयू आपली पाळी नसताना बोलत असतो. एका पोर्टवरची सगळी घरं वर पाठवताना एकाच तारेतून पाळीपाळीने बोलतात. ग्रामसभेत एकाने माइक धरून ठेवला तर बाकीच्यांचं जे होतं तेच इथे होतं. शोधायचा कसा? पहिल्या स्प्लिटरपाशी जाऊन एकेक पाय (पुढे जाणारी तार) काढत जायचं. ज्या पायानंतर बाकीचे शांत होतील त्या वाटेने पुढच्या स्प्लिटरला, तिथेही तेच. शेवटी एका घरात विजेच्या लोळाने भाजलेला डबा सापडतो आणि घरवाले म्हणतात, ‘आमचं तर कधीपासून बंदच आहे, पण तक्रार नाही केली, तुम्हाला कशाला त्रास.’ या वाक्यावर रागवावं की हसावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वरच्या बाजूची गंमत वेगळी. छोट्या आयएसपीचा श्वास पुणे-मुंबईकडून येणाऱ्या लाइनवर असतो. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन लाइनी घेतात, एक गेली तर दुसरी. कागदावर हे उत्तम दिसतं. एका रात्री दोन्ही एकदम गेल्या तेव्हा चौकशीअंती कळलं की खंबाटकीच्या अलीकडे दोघांच्या तारा एकाच चरात होत्या. एकाने दुसऱ्याकडून तारा भाड्याने घेतल्या होत्या. बिलं दोन, खड्डा एक. दोन्हीकडच्या कॉल सेंटरने ‘चार तासांत’ हेच उत्तर दिलं आणि आमच्या ऑफिसाबाहेर माणसं उभी. तेव्हापासून मी लाइन घेताना दर नंतर विचारतो, आधी मार्गाचा नकाशा मागतो. एक वाट महामार्गाने असेल तर दुसरी सांगली-सोलापूरकडून फिरून आलेली बरी, लांब पडली तरी. तारेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दोनशे किलोमीटरचा वळसा म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंद. कोणाच्या लक्षातही येत नाही.

अपवाद गेम खेळणाऱ्या पोरांचा. त्यांच्या लक्षात सगळं येतं. त्यांचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहून जाऊन-येऊन जवळपास ४० मिलिसेकंद निव्वळ अंतराचेच लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. हे मी एकदा दहावीतल्या मुलाला कागदावर मांडून दाखवलं. त्याला पटलं. त्याच्या वडिलांना पटलं नाही, त्यांनी शेजारच्याचं कनेक्शन घेतलं. पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) तेवढाच राहिला.

गिऱ्हाइकांबद्दल मी फार लिहीत नाही, ते तू स्वतः बघशील. एवढंच ध्यानात ठेव: स्पीडच्या तक्रारींतल्या बहुतेक घरातल्या वायफायच्या असतात, आपल्या तारेच्या नसतात. २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि तार लावून मोजलं तरी ९४ च येतं, असं कोणी म्हणालं की उठायचीही गरज नाही. ९४ हा आकडा स्वतःच सांगतो की मधला राउटर १०० च्या पोर्टाचा आहे किंवा लॅन केबलची एखादी जोडी तुटलीय. पण हे फोनवर सांगायचं नसतं. जायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत केबल बदलायची, पुन्हा मोजून दाखवायचं, चहा घ्यायचा. मोठ्या कंपनीला हे परवडत नाही. आपल्याला परवडतं असं नाही, पण आपण त्यावरच जगतो.

सगळ्यात कमी बोललं जातं ते पोलिसांच्या पत्राबद्दल. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आलेत. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडून २०१९ पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ मिळतात. गिऱ्हाइकं पाच हजार. मग सीजीनॅट (एक पत्ता अनेक घरांत वाटायची सोय) लावून एका पत्त्यामागे बरीच घरं बसवावी लागतात. एका पत्त्यावर वापरण्याजोगी पोर्ट (इथे यंत्राचं तोंड नव्हे, जोडणीचा क्रमांक) साधारण ६४ हजार; घरटी दोन हजार दिली तर ३२ घरं. आता सायबर ठाण्यातून पत्र येतं: अमुक तारखेला, अमुक वाजता, या आयपीवर कोण होतं? पोर्ट नंबर दिलेला नसतो. आमच्याकडे त्याचं उत्तर एक माणूस नसून बत्तीस घरं असतं. कधी वेळ जागतिक घड्याळातली असते, आणि साडेपाच तास मिळवायचे राहिले तर पत्रातल्या माणसाऐवजी भलत्याच निरपराध गृहस्थाचं नाव पुढे जाईल. त्यामुळे इथे घाई करायची नाही. पोर्ट आणि टाइमझोन लेखी विचारायचे, दरवेळी, समोरचा कितीही चिडला तरी. नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात तशी दुरुस्ती झाली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना घडली तर सहा तासांत कळवायची. हे नियम सगळ्यांना सारखेच, पण मोठ्या कंपनीत त्यासाठी विभाग असतो. इथे तो विभाग म्हणजे तू, आणि त्याच वेळी खाली कोणीतरी शिडी मागत असतं. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, जिच्यात पत्ते भरपूर आहेत) नीट चालू केलंस तर निम्म्याहून जास्त वाहतूक सीजीनॅटला टाळून जाते आणि नोंदींचा ढीगही कमी होतो. मालकाला हे पटवायला वेळ लागतो, कारण त्यातून नवं गिऱ्हाईक मिळत नाही.

धंद्याचं दोन वाक्यांत. २०१६ ला मोबाइल डेटा स्वस्त झाला, २०१९ ला तीच मोठी कंपनी फायबर घेऊन घराघरात आली, आणि आमच्यातले बरेच लहान मालक संपले किंवा कोणाचे तरी फ्रँचायझी झाले. जे उरलेत ते दरामुळे उरलेले नाहीत, फोन उचलतात म्हणून उरलेत, आणि तो फोन उचलणारा हात बहुधा इंजिनिअरचाच असतो, रात्री अकरालाही.

मग अभिमान कशाचा, असं तू विचारशील. १९ नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट सांगतो, विश्वचषकाची फायनल. त्या दिवशी हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते. आमचे त्यातले किती असतील, अगदी चिमूटभर. पण महिनाभर आधीपासून आम्ही तयारी केली होती: रोज रात्री नऊचा आलेख बघायचा, दर गिऱ्हाइकामागे अडीच-तीन एमबीपीएस धरायचे, मॅचसाठी त्यावर आणखी किती ते ठरवायचं, कुठला पोर्ट आधी भरेल ते काढायचं, कॅशे सर्व्हरवरून (जवळ साठवलेल्या प्रतीतून) किती येतं आणि मुंबईच्या एक्स्चेंजवरून (जिथे नेटवर्कं एकमेकांना जोडलेली असतात) किती ते वेगळं करायचं. एक वाढीव दहा जीबीपीएसचा पोर्ट मालकाच्या मागे लागून घेतला होता. त्या दुपारी सगळ्या गावाच्या नजरा टीव्हीवर होत्या आणि आमच्या आलेखावर. रेघ चढत गेली, सपाट झाली नाही. सपाट झाली असती तर पोर्ट भरला असं समजायचं. मॅच हरलो, पण चित्र कुठे अडकलं नाही. कोणी आभार मानले नाहीत, आणि तसं अपेक्षितही नव्हतं. नेट चालू असताना आपलं नाव कोणाला आठवत नाही.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इंटरनेट सेवा अत्यावश्यकांत होती, त्यामुळे आम्ही बाहेर होतो. पुण्यातली पोरं लॅपटॉप घेऊन गावाकडे आली. तोवर वाड्या-वस्त्यांवर आमचा धंदा म्हणजे संध्याकाळचा यूट्यूब. एकाएकी सकाळी दहाला अपलोडची रेघ वर जायला लागली, जी आम्ही कधी बघितलीच नव्हती. ज्या वस्तीवर चार घरांसाठी तार नेणं परवडत नाही म्हणून मालकाने वर्षभर टाळलं होतं, तिथे आम्ही ती आठवड्यात नेली. त्यातल्या एका घरातली मुलगी आज त्याच जोडणीवर परदेशी कंपनीचं काम करते. तिच्या आजोबांना मी अजून ‘केबलवाला’च आहे.

फायबरची एक मोठी सोय पुरात कळते. स्प्लिटरला वीज लागत नाही. क्लोजर नीट सील केलेला असेल तर तो पाण्याखालीही काम करतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या पुरात ज्यांची ओएलटी वरच्या मजल्यावर होती आणि ज्यांच्याकडे जनरेटरला डिझेल होतं, त्यांचं जाळं तग धरू शकलं. तेव्हापासून मी तळमजल्यावर यंत्रं ठेवायला कोणालाच होकार देत नाही, भाडं कितीही कमी असो.

आता तुझ्या निर्णयाचं. दोन-तीन वर्षांसाठी छोट्या कंपनीत जा, पण आधी मालकाला काही गोष्टी सरळ विचार. कंपनीचा स्वतःचा परवाना आणि स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर स्वतंत्र नेटवर्क म्हणून ओळख) आहे, की ती कोणाची फ्रँचायझी आहे? फ्रँचायझी असेल तर तुला बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत), पीअरिंग (दुसऱ्या नेटवर्कांशी थेट जोडणी), सीजीनॅट यातलं काहीच हाताळायला मिळणार नाही. इंजिनिअर म्हणवून लाइनमनचंच काम करशील, मग पुणं बरं. राउटर कोण बघतं, आणि त्याचं व्यवस्थापनाचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं आहे का? २०१८ मध्ये मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांच्या विनबॉक्समधली (राउटर लांबून हाताळायच्या सोयीतली) एक त्रुटी वापरून जगभरातले लाखो राउटर हॅक झाले, त्यातल्या अनेक राउटरांतून वेबपानांत स्क्रिप्ट घुसवून लोकांच्या ब्राउझरमध्ये परस्पर क्रिप्टोचं खनन चाललं होतं; दुरुस्ती आधीच आली होती, लावलीच नव्हती. या प्रश्नाला मालक गोंधळला तर हरकत नाही, चिडला तर समजून जा. सुट्टीच्या दिवशी फोन कोणाकडे असतो? ‘सगळ्यांकडे’ हे उत्तर म्हणजे तुझ्याकडे.

पगाराची तारीख ऑफिसातल्या मुलांना विचार, मालकाला नको.

आणि खांबावर चढणाऱ्या पोरांचा विमा आहे का, हे नक्की विचार. विजेच्या खांबावरून आपल्या केबल जातात, आणि स्वस्तातल्या ड्रॉप केबलमध्ये पोलादी तार असते; ती वर उघड्या लाइनला टेकली तर खाली गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत करंट उतरतो. फायबर काचेचं आहे म्हणून शॉक बसत नाही, या समजुतीत माणसं गेली आहेत. पोलादाऐवजी एफआरपीची (वीज न वाहणाऱ्या फायबर-प्लास्टिकची) काडी असलेली केबल मीटरमागे थोडी महाग पडते. तुझा मालक कुठली वापरतो ते ऑफिसाबाहेर पडलेल्या रिळावर वाचता येईल, त्यासाठी विचारायचीही गरज नाही.